कमी पैशांत स्वसंरक्षणासाठी रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? परवान्यापासून कपाटापर्यंतचा हिशेब

वस्तू आणि सेवा कराचे नवे दर 22 सप्टेंबर 2025पासून लागू झाले, तेव्हा बहुतेकांचे लक्ष स्वस्त झालेल्या खाद्यपदार्थांकडे आणि विम्याच्या हप्त्यांकडे होते. त्याच यादीच्या दुसऱ्या टोकाला, मोठ्या मोटारी आणि खासगी नौका यांच्या रांगेत, रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल ही नावे होती. त्यांच्यावरचा कर 28 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर गेला, म्हणजे कारखान्यात एक लाख रुपये मूळ किंमत असलेले जे हत्यार आधी 1 लाख 28 हजारांना पडत होते, ते आता 1 लाख 40 हजारांना पडू लागले. त्याआधी डिसेंबर 2024मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली, बीड जिल्ह्यात हजाराहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे समोर आले आणि त्यांतले बरेच परवाने रद्द करण्याची कारवाई सुरू झाली. या दोन बातम्यांनंतर एकच प्रश्न माझ्या कानावर अनेकदा आला: ज्याला खरोखरच जिवाची भीती आहे, पण ज्याच्या हातात फार पैसे नाहीत, अशा सामान्य माणसाने कायद्याच्या चौकटीत राहून कोणते हत्यार घ्यावे?

माझ्या परिचयातील एका तालुक्याच्या गावातील सराफांचा प्रश्न नेमका हाच होता. पेढी लहान आहे, घर दोन किलोमीटरवर आहे आणि रात्री दुकान बंद करून ते एकटेच दुचाकीने निघतात. हत्यारासाठी त्यांनी दीड लाख रुपये बाजूला काढले होते. त्यांना जे सांगितले तेच येथे सविस्तर मांडतो, आणि मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. हत्याराची किंमत हा खर्चाचा केवळ पहिला हप्ता असतो. सुरक्षित कपाट आणि नियमित सराव यांचे पैसे बाजूला ठेवून जे उरेल त्यात हत्यार बसत असेल तरच ते घ्यावे, आणि बसत नसेल तर घेऊ नये.

आधी परवाना, मग पसंती

दुकानात जाऊन हत्यार पसंत करायचे आणि मग परवान्यासाठी अर्ज करायचा, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. शस्त्र अधिनियम 1959 आणि शस्त्र नियम 2016 यांनुसार परवाना हातात आल्याशिवाय हत्यार विकत घेता येत नाही किंवा जवळही बाळगता येत नाही. मुंबई, पुणे, नागपूर अशा आयुक्तालयांच्या हद्दीत पोलीस आयुक्त परवाना देतात, तर इतरत्र जिल्हाधिकारी जिल्हादंडाधिकारी या नात्याने देतात. अर्जदाराचे वय किमान 21 वर्षे असावे लागते. पोलीस ठाण्याकडून चौकशीचा अहवाल मागवला जातो, आणि अर्जदाराला शारीरिक व मानसिक आरोग्याचे प्रमाणपत्र, हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि ते घरी कसे सुरक्षित ठेवणार याची हमी द्यावी लागते. आपल्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका का आहे, हे त्याला पटवून द्यावे लागते. आधीच्या धमक्यांची तक्रार नोंदवलेली असेल, व्यवसायात रोकड किंवा दागिन्यांची ने-आण असेल, तर त्याची कागदपत्रे अर्जाला जोडावीत.

मर्यादित ऐपतीच्या माणसासाठी या कायद्यात एक महत्त्वाचे वाक्य आहे आणि ते फारसे कोणाला ठाऊक नसते. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असे कलम 14मध्ये स्पष्ट लिहिले आहे. ‘सातबारा मोठा असेल तरच बंदूक मिळते’ हे गावोगावी ऐकू येणारे बोलणे त्यामुळे कायद्याला धरून नाही. परवाना नाकारला तर साधारणपणे त्याची कारणे लेखी द्यावी लागतात, आणि त्यावर अपीलही करता येते. मात्र परवाना हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही. अमेरिकेत हत्यार बाळगण्याचा हक्क तेथील राज्यघटनेने दिला आहे, तसा तो आपल्याकडे नाही, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने 2023मध्ये बेकायदा शस्त्रांच्या प्रकरणात नमूद केली. म्हणून अमेरिकेतील व्हिडिओ पाहून एखाद्या हत्यारावर मन बसवण्यात अर्थ नाही. तेथे दुकानात सहज मिळणारी बहुतेक हत्यारे येथे परवानाधारकालाही मिळत नाहीत.

‘बोअर’ म्हणजे काय, आणि सगळे .32वरच का येऊन थांबते

नळीच्या आतल्या व्यासाला बोअर म्हणतात. घरातल्या नळाचा पाइप अर्ध्या इंचाचा की पाऊण इंचाचा असे आपण विचारतो, त्यातलाच हा प्रकार आहे. .32 बोअर म्हणजे इंचाचे शंभर भाग केले तर त्यातील साधारण बत्तीस भाग, सुमारे आठ मिलिमीटर.

कायद्याने बोअरचे दोन गट केले आहेत. लष्कर आणि पोलीस वापरतात ते, उदाहरणार्थ 9 मिलिमीटरचे पिस्तूल, प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते आणि त्याचा परवाना जिल्ह्यात मिळत नाही. तो विषय केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतला आहे. सामान्य नागरिकाला अप्रतिबंधित बोअरमधूनच निवड करावी लागते, आणि हातात मावणाऱ्या हत्यारांत त्याचा व्यवहारातला अर्थ .32 किंवा .22 असा होतो. ताकदीचा अंदाज हवा असेल तर 9 मिलिमीटरच्या गोळीची ऊर्जा .32च्या गोळीच्या साधारण अडीच ते तीन पट असते. यावर लगेच आक्षेप येतो की मग एवढ्या कमी ताकदीच्या हत्याराचा उपयोग काय. ताकद कमी आहे हे खरे आहे. पण कमी ताकदीमुळे धक्काही कमी बसतो आणि नवख्या माणसाची दुसरी गोळी पहिलीइतकीच नेमकी जाऊ शकते. चुकलेल्या मोठ्या गोळीपेक्षा लागलेली लहान गोळी जास्त कामाची असते. शिवाय चुकलेली गोळी कोठेतरी जाऊन लागतेच, आणि वस्तीत ते ‘कोठेतरी’ म्हणजे शेजाऱ्याची खिडकी असू शकते.

.22 बोअरचे हत्यार त्याहून स्वस्त आणि हलके मिळते. सरकारी कारखान्याचे ‘निडर’ नावाचे .22चे रिव्हॉल्व्हर सुमारे 250 ग्रॅमचे आहे, म्हणजे जवळजवळ एका मोबाइलच्या वजनाचे. तरीही मी .22 सुचवत नाही. या काडतुसात पेटणारा मसाला बुडाच्या कडेच्या घडीत भरलेला असतो. काडतूस न पेटण्याचे प्रमाण या रचनेत, बुडाच्या मध्यभागी पेटणाऱ्या .32च्या काडतुसापेक्षा जास्त असते. नेमबाजीच्या सरावासाठी .22 उत्तम आहे, पण जिवावर बेतलेल्या क्षणी ‘टक्’ असा नुसता आवाज येणे परवडणारे नाही.

येथे एक सावधगिरी लक्षात ठेवावी. रिव्हॉल्व्हरचे .32 काडतूस आणि पिस्तुलाचे .32 काडतूस वेगवेगळे असते. पहिल्याचे पितळी टरफल लांब असते, तर दुसऱ्याचे आखूड असते. जुनी-नवी काडतुसे एकाच डब्यात ठेवणाऱ्या घरांत या दोघांची सरमिसळ झालेली मी पाहिली आहे.

मिसळणाचा डबा आणि स्टेपलर

रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यांतला फरक समजून घ्यायला स्वयंपाकघरात जावे. मिसळणाच्या गोल डब्यात वाट्या कडेकडेने बसवलेल्या असतात. रिव्हॉल्व्हरमधल्या फिरत्या चाकाची रचना अशीच असते: सहा खोबणी आणि प्रत्येकीत एक काडतूस. बोटाने ओढायच्या खटक्याला चाप म्हणतात आणि मागून काडतुसावर आपटणाऱ्या भागाला घोडा म्हणतात. चाप ओढला की चाक एक घर पुढे सरकते, घोडा मागे जाऊन आपटतो आणि गोळी सुटते. एखादे काडतूस पेटलेच नाही तर चाप पुन्हा ओढायचा, म्हणजे पुढची वाटी समोर येते.

पिस्तुलाला टेबलावरच्या स्टेपलरची उपमा जास्त जुळते. मुठीच्या आत काडतुसांची उभी पेटी असते, तिला मॅगझिन म्हणतात, आणि खालची स्प्रिंग काडतुसे वर ढकलत राहते. गोळी सुटल्यावर त्याच जोराने वरचा भाग मागे जातो, रिकामे टरफल बाहेर फेकले जाते आणि पुढचे काडतूस नळीत बसते. पिस्तूल चपटे असते, कमरेला कमी फुगते आणि त्यात गोळ्या जास्त मावतात. पण स्टेपलरमध्ये पिन अडकली की काय होते ते सर्वांना माहीत आहे. पिस्तुलातही काडतूस अडकू शकते, आणि ते सोडवण्याची कृती हाताला सवयीची नसेल तर घाबरलेल्या अवस्थेत आठवत नाही.

पिस्तुलाबाबत आणखी एक धोका आहे, आणि अनुभवी माणसांकडूनही ही चूक होते. मॅगझिन काढून घेतले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले असे वाटते, पण नळीच्या मागे एक काडतूस बसलेले असू शकते. रिव्हॉल्व्हर उघडले की सहाही घरे डोळ्यांना दिसतात. वर्षातून मोजक्या वेळाच सराव करणार असलेल्या आणि पहिल्यांदाच हत्यार घेणाऱ्या माणसाने रिव्हॉल्व्हर घ्यावे, असे मला वाटते ते याच कारणामुळे. नियमित सराव करणाऱ्याने पिस्तूल जरूर घ्यावे.

काउंटरवरची पंधरा मिनिटे

सराफांना परवाना मिळाल्यावर मी त्यांच्याबरोबर दुकानात गेलो होतो. विक्रेत्याने काउंटरवर हिरवे फेल्ट अंथरले, रिव्हॉल्व्हर उघडून सहाही घरे रिकामी असल्याचे आम्हा दोघांना दाखवले आणि मगच ते त्यांच्या हातात दिले. सराफांचे बोट आपोआप चापावर गेले. विक्रेता शांतपणे म्हणाला, “शेठ, बोट आत नको. बाहेर, नळीला समांतर ठेवा. ओढायचे ठरले की मगच आत.” सगळ्या प्रशिक्षणाचे सार त्या एका वाक्यात होते.

मग त्यांनी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमधला एक आकडा धरून चाप ओढला. घोडा आधी मागे न ओढता नुसता चाप ओढून गोळी सोडायची, तर रिव्हॉल्व्हरला साधारण पाच-सहा किलोंचा जोर लागतो, म्हणजे पाच किलो पिठाची पिशवी एका बोटाच्या पेरावर पेलण्यासारखे. पहिल्या दोन खेपांना नळीचे टोक आकड्यावर राहिले. चौथ्या खेपेला ते महिन्याच्या नावापर्यंत वर गेले, आणि सातव्या खेपेला त्यांनी हत्यार खाली ठेवून मनगट चोळले. त्यांनी दुसरे, थोड्या भरलेल्या मुठीचे हत्यार घेतले तेव्हा हीच थरथर निम्म्यावर आली. किमतीत फारसा फरक नव्हता. फरक होता तो हाताच्या मापात.

काउंटरवर पाहायच्या गोष्टी या अशा आहेत. मूठ तळहातात पूर्ण बसते का, तर्जनीचे पहिले पेर चापापर्यंत आरामात पोहोचते का, नेम धरण्यासाठी नळीच्या टोकावर असलेला माशीसारखा उंचवटा आपल्या चष्म्यातून स्पष्ट दिसतो का, आणि सलग सहा वेळा चाप ओढताना हात किती हलतो. रंग, नक्षी आणि पेटीचे मखमल यांचा स्वसंरक्षणाशी संबंध नाही. विक्रेता रिकाम्या हत्याराचा चाप ओढू देत नसेल तर दुसऱ्या दुकानात जावे.

हलके हत्यार सोयीचे, मग अडचण कोठे?

जानेवारी 2014मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे .32 रिव्हॉल्व्हर आणले. ते सुमारे 500 ग्रॅमचे होते आणि त्याची किंमत 1 लाख 22 हजार 360 रुपये होती. किमतीवर तेव्हा बरीच टीका झाली आणि ती रास्त होती. पण मला त्यापेक्षा वजनाचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. होडीतून काठावर उडी मारली की होडी मागे सरकते. होडी जड असेल तर थोडी सरकते आणि हलकी असेल तर पायाखालून निसटते. गोळी पुढे जाते तेव्हा हत्याराचेही हेच होते. काडतूस तेच असेल तर हलके हत्यार हाताला जास्त हिसका देते, आणि ज्या मनगटात ताकद कमी आहे त्यालाच तो जास्त जाणवतो. पर्समध्ये ठेवायला हलके आणि झाडायला जड, असा हा विरोधाभास आहे. 2023मध्ये आलेले ‘प्रबल’ सुमारे 700 ग्रॅमचे आहे, आणि त्याचे चाक बाजूला उघडते. कानपूरच्या जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरची नळी मधोमध मोडल्यासारखी खाली झुकवून ते उघडावे लागते. साधारण पाऊण किलोच्या आसपासचे हत्यार घरात किंवा पेढीवर ठेवायला योग्य असते. दिवसभर अंगावर वागवायचे असेल तरच त्याहून हलक्याचा विचार करावा.

जुने, विदेशी आणि वडिलांचे

एखादा मित्र सांगतो की त्याच्या ओळखीच्या माणसाकडे मूळ जर्मन पिस्तूल आहे आणि ते ‘आयुष्यभर टिकेल’. 1980च्या दशकाच्या मध्यापासून खासगी व्यक्तींसाठी हत्यारांची आयात जवळपास बंद झाली. त्यामुळे देशात जी विदेशी पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हर आहेत ती बहुतांश चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची आहेत, आणि पुरवठाच नसल्याने त्यांच्या किमती लाखांच्या पटीत चढल्या आहेत. जुन्या गाडीप्रमाणे येथे नावाचे पैसे मोजले जातात, कामाचे नव्हे. मर्यादित पैशांच्या माणसाने तिकडे वळूच नये. सुटे भाग मिळत नाहीत, आणि चाप ओढला तरी चालेल की नाही याची खात्री नसलेले नामवंत हत्यार काय कामाचे?

देशी बनावटीचे जुने हत्यार मात्र विचार करण्यासारखे असते. परवानाधारकाकडून परवानाधारकाने ते घेता येते. विकणाऱ्याने किमान 45 दिवस आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावे लागते. घेण्यापूर्वी ते परवानाधारक कारागिराला दाखवावे. नळीच्या आतील, गोळीला फिरकी देणारे पीळ झिजले आहेत का, घोडा पूर्ण मागे ओढल्यावर चाक डुगडुगते का आणि प्रत्येक घर नळीच्या रेषेत नीट येते का, हे तो पाच मिनिटांत सांगतो. चाक अर्धा मिलिमीटर जरी तिरके थांबत असेल, तरी ते हत्यार कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.

सर्वांत कमी खर्चाचा कायदेशीर मार्ग अनेकांच्या घरातच असतो. वडिलांनी सत्तरी गाठली असेल किंवा हत्यार 25 वर्षे त्यांच्याकडे असेल, तर ते हयात असतानाच मुलाच्या किंवा मुलीच्या नावे परवाना मागता येतो. परवान्याच्या इतर सर्व अटी वारसालाही लागू होतात, पण हत्याराचे पैसे वाचतात. ते पैसे कपाटावर आणि सरावावर खर्च करावेत.

‘गावठी’ स्वस्त पडते, असे म्हणणाऱ्यांसाठी

हा आक्षेप कोणी उघडपणे घेत नाही, पण तो अनेकांच्या मनात असतो. परवान्याला वर्ष जाते, हत्याराला लाख जातात, आणि गावठी कट्टा मात्र चार लोकांना विचारले की मिळतो. विनापरवाना साधे हत्यार बाळगण्यासाठी 2019च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षांची शिक्षा आहे. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी, जोडकाम केलेल्या पाइपची नळी किती दाब सहन करील हे बनवणाऱ्यालाही माहीत नसते, आणि ती फुटते तेव्हा ती धरणाऱ्याच्याच हातात फुटते. शिवाय खरोखर हल्ला झाला आणि त्याने स्वतःला वाचवले, तरी पोलीस ठाण्यात तो फिर्यादी म्हणून नव्हे तर आरोपी म्हणून जातो. ज्या माणसाला कुटुंबाची काळजी आहे त्याने ही वस्तू हातातसुद्धा घेऊ नये.

दीड लाखाचा हिशेब

सराफांचे दीड लाख कसे वाटले गेले ते सांगतो, कारण अडचण नेमकी तेथेच येते. कर धरून हत्यारालाच जवळपास सगळे पैसे गेले असते. म्हणून त्यांनी आणखी चार महिने थांबून रक्कम वाढवली, आणि ते थांबणे मला हत्याराच्या निवडीपेक्षाही शहाणपणाचे वाटले. भिंतीत बोल्ट मारून बसवायची लहान पोलादी तिजोरी, कमरेचे चामडी म्यान, नळी साफ करायचा गज आणि तेल, आणि काडतुसे एवढे त्यांना अजून घ्यायचे होते. एका वेळी किती काडतुसे जवळ ठेवता येतील आणि वर्षभरात किती घेता येतील, हे परवान्यावरच लिहिलेले असते. त्यातली बहुतेक काडतुसे सरावासाठी घ्यावीत. कपाटात दहा वर्षे पडलेल्या काडतुसांवर भिस्त ठेवू नये. कोकणच्या दमट हवेत तर मुळीच ठेवू नये.

सराव रायफल क्लबच्या किंवा परवानगी असलेल्या मैदानावरच करता येतो. शेतात झाडावर नेम धरून पाहणे हा सराव नव्हे, तो गुन्हा ठरू शकतो. महिन्यातून एकदा तिजोरीतून हत्यार काढून, रिकामे असल्याची खात्री करून, सुरक्षित दिशेला धरून चाप ओढण्याचा घरचा सराव मात्र फुकट असतो. त्या वेळी काडतुसे दुसऱ्या खोलीत असावीत.

कपाटाबद्दल मी इतका आग्रही का आहे, ते 1 ऑक्टोबर 2024च्या पहाटे मुंबईत घडलेल्या घटनेवरून समजेल. अभिनेते गोविंदा बाहेरगावी निघण्यापूर्वी आपले परवान्याचे रिव्हॉल्व्हर ठेवत असताना ते हातातून निसटले, गोळी सुटली आणि त्यांच्या गुडघ्याखाली लागली. वर्षानुवर्षे परवाना असलेल्या माणसाच्या बाबतीत, स्वतःच्या घरात आणि कोणी हल्लेखोर नसताना हे घडले. जुन्या रचनेच्या अनेक रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याचे टोक थेट काडतुसावर टेकलेले असते आणि हत्यार पडले की तोच आघात गोळी उडवू शकतो. म्हणून अशा हत्यारात घोड्याखालचे घर रिकामे ठेवावे आणि सहाऐवजी पाचच काडतुसे भरावीत. घरात लहान मुले असतील तर हत्यार आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलपांत ठेवावीत. उशीखाली, देवघराच्या फडताळात किंवा गाडीच्या डिकीत तर ती कधीच ठेवू नयेत.

हत्यार आहे म्हणून झाडता येते का?

भारतीय न्याय संहितेची कलमे 34 ते 44 स्वसंरक्षणाच्या हक्काविषयी आहेत. 1 जुलै 2024पूर्वी हीच तरतूद भारतीय दंड संहितेत होती. हक्क व्यापक आहे, पण त्याच्या सीमा स्पष्ट आहेत. मृत्यू किंवा गंभीर इजा होईल अशी वाजवी भीती निर्माण करणारा हल्ला, बलात्काराच्या, अपहरणाच्या किंवा ॲसिड फेकण्याच्या हेतूने केलेला हल्ला अशा प्रसंगांत हल्लेखोराचा जीव जाईपर्यंत बचाव करता येतो. मालमत्तेच्या बाबतीत दरोडा किंवा जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणे अशी मोजकी कृत्ये त्यात येतात. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हक्क राहत नाही, आणि बचावाला लागते त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2010च्या एका निकालात हेही सांगितले आहे की जिवावर बेतलेल्या माणसाने किती बळ वापरले ते सोन्याच्या तराजूत तोलू नये. पण हल्ला संपल्यावर हक्कही संपतो.

सराफांच्या बाबतीत याचा अर्थ असा होतो. दोन जणांनी कोयता उगारून त्यांना अडवले तर त्यांना हक्क आहे. पिशवी हिसकावून दुचाकीवरून पळून जाणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली, तर ती बहुतेक वेळा बचाव ठरणार नाही आणि त्यांच्यावर खुनाचा किंवा खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल होऊ शकतो. ‘नुसता धाक दाखवीन, झाडणार नाही’ हेही चालत नाही. सार्वजनिक ठिकाणी हत्यार परजणे नियमांत मना आहे आणि त्यावरून परवाना जातो. लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडण्यासाठी तर 2019पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी वेगळी शिक्षा आहे.

मग हत्यार घ्यावेच का?

ज्याला नेमकी, नोंदवलेली धमकी आहे किंवा जो एकट्या शेतवस्तीवर राहतो, जेथे पोलीस पोहोचायला तास लागतो, त्याच्या बाबतीत माझे उत्तर होकारार्थी आहे. परंतु दुचाकीवरून मागून आलेला हल्लेखोर म्यानाचे बटण उघडायला वेळ देत नाही, हे सराफांना मी पहिल्याच दिवशी सांगितले होते. त्यांनी घरी जायची वेळ आणि रस्ता रोज बदलायला सुरुवात केली, रात्रीची रोकड आणि दागिने बरोबर नेणे बंद केले, आणि पेढीच्या शटरला शेजारच्या मेडिकलमध्ये वाजणारी घंटा बसवली. या तिन्हींचा मिळून खर्च हत्याराच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नव्हता. मिरपुडीच्या स्प्रेला शस्त्रपरवाना लागत नाही, आणि बसस्थानकावरून उशिरा घरी येणाऱ्या मुलीच्या हातात तो रिव्हॉल्व्हरपेक्षा जास्त लवकर कामाला येतो.

निवडणुकांच्या काळात हत्यार जवळ नसेल हेही गृहीत धरावे लागते. आचारसंहिता लागली की परवानाधारकांना हत्यारे जमा करण्याच्या नोटिसा येतात. सरसकट सर्वांची हत्यारे जमा करू नयेत, छाननी समितीने प्रत्येकाचा विचार करावा, असा उच्च न्यायालयाच्या निर्णयांचा आधार आहे. खरा धोका असलेल्याने त्या समितीकडे लेखी अर्ज करावा. तरीही महिना-दीड महिना हत्याराविना काढायची तयारी ठेवावी.

परवान्याची मुदत 2019पासून पाच वर्षांची झाली आहे आणि एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच हत्यारे ठेवता येतात. मुदत संपल्यावर नूतनीकरण राहून गेले तर त्या दिवसापासून ते हत्यार बेकायदा ठरते, म्हणून तारीख घरातल्या दुसऱ्या कोणालातरी माहीत असावी. परवानाधारकाचे निधन झाले तर कुटुंबाने ते कपाटात तसेच राहू न देता विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी आणि मग वारसाच्या परवान्याचा अर्ज करावा. सराफांनी तिजोरीच्या दाराच्या आतल्या बाजूला परवान्याची प्रत, हत्याराचा क्रमांक आणि ‘काही झाले तर आधी ठाण्यात न्या’ एवढे लिहून चिकटवले आहे, आणि दुसरी किल्ली कोठे आहे ते फक्त त्यांच्या पत्नीला ठाऊक आहे.